यादीत अडकलेला पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. पण मला शोधायला गल्लीबोळ धुंडाळू नका, मी कुठल्याच दारावर लिहिलेला नाही. इंटरनेटवर जी यंत्रं एकमेकांशी बोलतात, त्यांना एकेक आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. चार आकडे आणि मधे तीन टिंबं, एवढंच माझं अंग. माझे पूर्ण आकडे मी तुम्हाला सांगणार नाही. ते ऐकले की अजूनही काही यंत्रं दार लावून घेतात. तुम्हीही तसंच केलंत तर मला फार वाईट वाटेल.

सुरुवातीला मी इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यादीत पडून होतो. माझी बरीचशी भावंडं फिरती होती, आज एका घरी तर उद्या दुसऱ्या. मला मात्र कायमचं घर मिळालं. विश्रांतवाडीत तात्यारावांची पिठाची गिरणी आहे. तिच्या वरच्या मजल्यावर ‘श्रुतिसंगत’ नावाचं एक वाचनालय होतं, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी. तिथे पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि ऐकणाऱ्यांना ईमेलनं धाडायची, असं काम चाले. त्यांचा पत्रं पाठवणारा संगणक माझ्या नावावर बसवला, आणि त्या दिवसापासून वाचनालयाचं प्रत्येक पत्र माझा शिक्का घेऊन बाहेर पडू लागलं. मला त्याचा किती अभिमान होता म्हणून सांगू!

गिरणी सुरू असली की वर काही ऐकू यायचं नाही. म्हणून तात्यारावांनी दुपारी गिरणी बंद ठेवायचं कबूल केलं होतं. खाली त्यांची पाटी होती: ‘दोन ते चार गिरणी बंद. वर वाचन चालू असते. दळण ठेवून जावे. पीठ कधी मिळेल हे विचारू नये, दळल्यावर मिळेल.’ त्या दोन तासांत निवृत्त शिक्षिका उल्काताई पाण्याचा तांब्या जवळ घेऊन वाचायला बसत. दर पान उलटताना त्या किंचित थांबत, म्हणजे ऐकणाऱ्यालाही पान उलटल्यासारखं वाटावं. चार वाजता खाली पट्टा फिरू लागला की त्या चष्मा काढत आणि दिगंबरराव तो धडा पाठवून देत.

दिगंबरराव चौतीस वर्षं पोस्टात होते. वाचनालयाचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडे असे. बोलणं मोजकंच, आणि तेही जरा आंबट. कुणी म्हणालं, “आमचं पत्र मिळालं का?” की ते म्हणत, “मिळालं नसतं तर मी उत्तर कशाला दिलं असतं?” पण मनानं माणूस चोख. अपुऱ्या पत्त्याचं पाकीट हातात घेऊन अख्खी पेठ पालथी घातल्याच्या त्यांच्या गोष्टी मी ऐकलेल्या आहेत. हो, मला ऐकू यायचं. खोलीत एक कॅमेरा होता आणि त्याचं चित्र, त्याचा आवाज माझ्याच वाटेनं दिगंबररावांच्या फोनवर जात असे. माझे डोळे आणि कान म्हणजे तोच.

ऐकणाऱ्यांत अपेक्षा नावाची एक मुलगी होती. वाशीमकडची, हडपसरला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं इतिहासाचं पुस्तक बारा धड्यांचं. उल्काताई एकेक धडा वाचत आणि मी तो तिच्याकडे नेत असे. तिसरा धडा ऐकून तिनं लिहिलं, ‘ताई, मध्येच एक पान सुटलं वाटते. राजा आत्ताच लढाईला निघाला होता अन् एकदम वापस येऊन राहिला.’ उल्काताईंनी पुस्तक पाहिलं तर खरंच, पिठाच्या धुरळ्यानं दोन पानं चिकटली होती. त्या खळखळून हसल्या. ते पान पुन्हा वाचून पाठवलं. चौथा, पाचवा, सहावा धडा गेला. ते आमचे सगळ्यात चांगले महिने होते, मित्रांनो. तिची पत्रं माझ्या दारी यायची तेव्हा मला वाटायचं, ही मुलगी मलाच लिहिते आहे.

आणि मग माझ्या हातून पाप घडू लागलं. हातून म्हणतो खरा, पण हात माझे नव्हते. कॅमेऱ्याचं चित्र साठवणाऱ्या पेटीला जो पासवर्ड होता तो ‘12345’. दुकानदारानं बसवताना ठेवला होता तोच. बदलायला हवा हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कुठूनतरी दूरवरून कुणीतरी तो ओळखला, पेटीत शिरला आणि तिथे बसून माझ्या नावानं उद्योग करू लागला. हजारो लोकांना लॉटरी लागल्याची खोटी पत्रं गेली, माझ्या नावानं. परक्यांच्या संगणकांची दारं ठोठावून पासवर्ड ओळखायचे प्रयत्न झाले, तेही माझ्याच नावानं. माझ्याकडून काय जातंय ते मला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. पत्त्याला नाही म्हणता येत नाही.

ज्यांची दारं ठोठावली गेली ते गप्प बसले नाहीत, आणि बसायलाही नको होतं. असल्या पत्त्यांची एक जाहीर यादी असते. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, काय त्रास झाला याची तक्रार तिथे नोंदवतात. तक्रारी वाढल्या की पत्त्याचे दोषाचे गुण वाढतात. मग इतर यंत्रं ती यादी पाहून त्या पत्त्याला दारातूनच परत पाठवतात. चांगली पद्धत आहे, तिच्यामुळे कित्येकांची फसवणूक टळते. दोन आठवड्यांत मला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. शाळेत एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते.

सातवा धडा घेऊन मी अपेक्षाच्या दारी गेलो, तेव्हा तिच्या ईमेलच्या यंत्रानं मला आत घेतलं नाही. ‘तुझं नाव यादीत आहे,’ म्हणालं आणि पत्र परत केलं. सोबत कारणाची चिठ्ठीही दिली. ती चिठ्ठी दिगंबररावांसमोर आली. आता त्यांनी वाचली की सगळं कळेल, असं मला वाटलं. त्यांनी ती न उघडताच पुसून टाकली.

कारण सांगतो. महिन्यापूर्वी ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी सायबर सुरक्षेचं भाषण ऐकलं होतं. अनोळखी इंग्रजी पत्र आलं तर उघडायचं नाही, थेट पुसायचं, असं तिथे बजावलं होतं. दिगंबररावांनी वहीत लिहून घेतलं आणि पोस्टातल्या शिस्तीनं पाळलं. परत आलेलं प्रत्येक पत्र, तक्रारीची प्रत्येक सूचना त्यांनी त्याच शिस्तीनं पुसली.

मला येणारी पत्रं मात्र कुणी अडवत नव्हतं. अपेक्षानं लिहिलं, ‘सर, सातवा धडा आला नाही.’ दिगंबररावांनी धडा पुन्हा पाठवला आणि उत्तर दिलं, ‘पाठवला आहे. नीट पाहावे.’ धडाही परत आला, उत्तरही परत आलं. चार दिवसांनी तिचं पुन्हा पत्र. यांनी पुन्हा पाठवलं. “ही मुलगी पत्रं उघडून बघत नाही आणि आपल्याला विचारते,” ते उल्काताईंना म्हणाले. आठवा, नववा, दहावा, सगळे धडे माझ्याकडून निघत होते आणि तिच्या दारावरून माघारी येत होते. तिची हाक मला ऐकू येत होती आणि माझी तिला ऐकू जात नव्हती. एखादं अक्षर तरी आत सरकू द्या, असं मी त्या यंत्राला किती वेळा विनवलं! यंत्रच ते, त्यानं यादी पाहिली आणि दार लावलं.

परीक्षेला अकरा दिवस उरले होते. त्या दुपारी तिचं पत्र आलं ते उल्काताईंनीच मोठ्यानं वाचलं.

‘सर, मी आता धडे मागणार नाही. उल्काताईंना सांगा, पान सुटलं म्हणून मी लिहायला नको होतं. तुम्ही फुकट वाचता अन् मी चुका काढल्या. फोन करायची माझी हिंमत होऊन नाही राहिली. ताई रागावल्या असतील तर मला माफ करा.’

 उल्काताईंचा आवाज चढला. “अहो, रागावले कधी मी? तिच्यामुळे तर पान सापडलं! दिगंबरराव, तिला काहीच मिळालेलं नाहीये.”

“मी स्वतः पाठवलंय. चार चार वेळा.”

“मग गेलं कुठे? तुम्ही रोज काय काय पुसता ते दाखवा बघू आधी.”

दिगंबररावांनी पुसलेल्या पत्रांची पेटी उघडली. एकशे बारा पत्रं होती. उल्काताई एकेक वाचू लागल्या. पत्र परत करत आहोत. पत्र परत करत आहोत. मधेच एका इंग्रजी सूचनेखाली दोन ओळी मराठीत होत्या. हडपसरच्या एका कंपनीत ऋचा नावाची मुलगी संगणकांची राखण करत असे. माझी तक्रार तिनंही केली होती. पण मी पुण्यातलाच आहे हे पाहून तिनं वाचनालयाला लिहिलं होतं: ‘आपल्या नकळत आपल्या यंत्रातून कुणी तिसराच काम करत असावा. कृपया फोन करावा, मदत करीन.’ त्या पत्राला सतरा दिवस झाले होते.

दिगंबररावांनी चष्मा काढला. “चौतीस वर्षांत एक पत्र हरवू दिलं नाही मी,” ते म्हणाले. “आणि इथे परत आलेली पत्रं न वाचता फाडत बसलो, उल्काताई.”  उल्काताईंनी ऋचाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋचा आली. तासाभरात तिनं कॅमेऱ्याची पेटी ओळखली, आतलं सगळं धुवून काढलं आणि चांगला लांबलचक पासवर्ड ठेवला. मी मोकळा झालो. तिनं माझ्यासाठी अर्जही केले: चूक दुरुस्त केली आहे, आता या पत्त्याचं नाव काढावं. मला वाटलं, आता सातवा धडा मीच नेणार. मी अगदी तयार होऊन उभा होतो.

“किती दिवसांत निघेल नाव?” उल्काताईंनी विचारलं.

“मोठ्या याद्यांमधून आठवड्यात निघेल. पण काही कंपन्यांच्या स्वतःच्या याद्या असतात, तिथे कधी निघेल सांगता येत नाही. परीक्षा कधी आहे तिची?”

“दहा दिवसांनी.”

“मग वाट नका बघू, काकू. नवीन पत्ता घ्या.”

ती बरोबरच बोलली. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. कंपनीनं दोन दिवसांत नवा पत्ता दिला. पत्रं पाठवणारा संगणक त्याच्या नावावर गेला, मी फक्त कॅमेऱ्यापुरता उरलो. दिगंबररावांनी सहा धडे एकदम पाठवले आणि फोन हातात धरून बसून राहिले. थोड्या वेळानं तो वाजला. त्यांनी आवाज मोठा केला.

“सर, सातवा आला! सगळेच आले! ताई आहेत का तिथं?”

“आहे गं बाळा, इथेच आहे,” उल्काताई म्हणाल्या. दिगंबरराव म्हणाले, “चूक माझी होती. तुझी नव्हती, ताईंचीही नव्हती. आता ऐकायला बस.” मी ते सगळं कॅमेऱ्यातून ऐकलं. आनंद झाला, मित्रांनो, खोटं कशाला बोलू? पण ते धडे माझ्या खांद्यावरून गेले नव्हते.

पत्ता बदलल्याची बातमी सगळ्या यंत्रांना कळायला एखादा दिवस लागतो. त्या एका दिवसात अपेक्षाचं एक पत्र जुन्याच वाटेनं माझ्याकडे आलं. ते दारावर थांबलं होतं. पण पत्र घेणारा संगणक आता माझ्याकडे नव्हता, मी ते आत घ्यावं तरी कसं? त्यानं थोडी वाट पाहिली, मग ते नव्या पत्त्यावर निघून गेलं. त्यात काय लिहिलं होतं ते मला कधीच कळलं नाही. पुढच्या आठवड्यात कॅमेराही नव्या पत्त्यावर गेला आणि मला दिसायचं, ऐकू यायचं बंद झालं. तिचा पेपर कसा गेला, तेही मला माहीत नाही.

आता मी पुन्हा कंपनीच्या यादीत पडून आहे. मधे येरवड्याच्या बाबुरावांच्या फोटो स्टुडिओला मला दिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचंही एक पत्र कुठूनतरी परत आलं आणि त्यांनी मला परत केलं. मोठ्या याद्यांमधून माझं नाव कधीच निघालं आहे. कुठल्यातरी लहानशा यादीत ते अजून आहे, कारण तिथे लिहिणाऱ्यानं पुन्हा वळून पाहिलेलं नाही.

म्हणून एवढंच सांगतो. यंत्र घरी आणलंत की त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. परत आलेलं पत्र पुसण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. कुणी त्रास देत असेल तर तक्रार जरूर करा, पण ऋचासारखं दोन ओळीही लिहा. आणि महिन्याभरानं ती यादी पुन्हा उघडा. जो सुधारला असेल त्याचं नाव तुमच्या हातानं खोडा.

आणि उद्या मी तुमच्यापैकी कुणाच्या घरी आलो, तर मला परत करू नका. हडपसरला अपेक्षा नावाची एक मुलगी आहे, माझ्याकडून पहिलं पत्र तिला लिहा. तिला सांगा, सातवा धडा मी दर वेळी तिच्या दारापर्यंत आणला होता.