वसुबेनचं पच्चखाण

राधनपूरच्या आमच्या गल्लीत माझ्या जिभेला न घाबरणारी एकच बाई, माझी थोरली जाऊ कोकिळाभाभी. दोघींचे नवरे गेले, मुलं सुरतेला आणि मुंबईला पांगली, आणि एकतीस वर्षांची एक चूल आम्हा दोघींच्या वाट्याला आली. भांडण रोजचं. मिरच्या किती, दिवा कुणी लावायचा, काहीही चालायचं.

या आषाढात साध्वीजी चातुर्मासाला आल्या. व्याख्यानात म्हणाल्या, पाणी गाळून पिता, मुंगी पाहून पाऊल टाकता, मग जिभेनं कापाकापी कशी करता? सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला भयंकर झोंबलं. तिथल्या तिथे उठून हात जोडले आणि पच्चखाण घेतलं, म्हणजे नेमच केला: दिवाळीपर्यंत रागाचा शब्द काढणार नाही. निघालाच तर दुसऱ्या दिवशी आयंबिल, म्हणजे एकवेळ, बिनतेलाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं अन्न.

पहिल्या आठवड्यात पाच आयंबिलं झाली. उकडलेले मूग गिळता गिळता मला युक्ती सुचली. भाभींशी बोलायचंच नाही. 'हं', 'नको', 'असू दे' एवढ्यात भागवायचं. आणि जमलं की! श्रावण संपला तरी एक आयंबिल नाही. साध्वीजी उतरल्या होत्या त्या उपाश्रयात बायका म्हणायच्या, "वसुबेन, चेहऱ्यावर काय शांती आलीय!" मी मान खाली घालून हसायचे. खोटं कशाला सांगू, फुशारून गेले होते.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, वर्षभराच्या चुका आठवायचं प्रतिक्रमण झालं, हात जोडून सगळ्यांची क्षमा मागितली, भाभींचीही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपवास सोडायला मुगाचं पाणी घेऊन बसले, तर भाभी पिशवीत साड्या भरत होत्या.

"कुठे निघालात?" दीड महिन्यात मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"सुरतला. माझ्या प्रवीणकडे. कायमची."

मी मुगाचं पाणी बाजूला ठेवलं. "काल क्षमा मागितली ना मी?"

"मागितलीस की. ओळीत पन्नास जणींची मागितलीस, त्यात माझी. अगं, मुंगीला वाट देतेस, पिठातला किडा अलगद अंगणात सोडतेस, मला मात्र एक शब्द देत नाहीस. गेल्या महिन्यात गुडघा धरून दोन दिवस पडून होते. ताट ठेवलंस आणि गेलीस. विचारलंस, काय झालं म्हणून? मुद्दाम डाळ खारट केली, तू गिळलीस. शेवटी तीन दिवस पाणीसुद्धा गाळलं नाही मी."

"काय?"

"तसंच भरलं माठात. तुझ्या लक्षात तरी आलं का?"

पर्युषणात! आणि उपवासाचं पाणी मी त्याच माठातून घेऊन माझ्या हातानं उकळलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटली? सासूबाईंनी हेच शिकवलं? किती जीव उकळले मी! म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीत? आणि गुडघा दुखत होता तर तुमचं तोंड शिवलं होतं का? तो प्रवीण चौथ्या मजल्यावर राहतो, त्या मेल्या बिल्डिंगला लिफ्ट तरी आहे का? कोण चढवणार तुम्हाला?"

शेजारची खिडकी उघडली. मला थांबताच येईना. थांबले तेव्हा रडत होते.

भाभी पलंगावर बसल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण ओठ हसत होते.

"गाळलं होतं गं. माझ्या हातून असं होईल होय?"

"म्हणजे खोटं बोललात? संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी?"

"बोलले. त्याचं मी बघते. तू आधी तेल आण."

गुडघा चांगलाच सुजला होता. महिनाभर तो माझ्यासमोर होता, आणि मी आपली शांती सांभाळत बसले होते. हात न उचलता मी या बाईला रोज मारत होते. तेल चोळताना मान वर करून त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. सुरतेची पिशवी त्यांनी स्वतःच पायानं पलंगाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी आयंबिलशाळेत दोघी शेजारी बसलो, मी रागापायी, त्या खोट्यापायी. वाढणारी बाई हळहळली, "अरेरे वसुबेन, पच्चखाण मोडलं? किती छान चाललं होतं!"

मी तोंड उघडायच्या आत भाभी म्हणाल्या, "छान तुम्हाला दिसत होतं. घरात मी होते."