निजामुद्दीनचा फिरता शिकंजा

उमरखेडच्या निजामुद्दीन पटव्याचे गुडघे पार कामातून गेले होते. सारी हयात जमिनीवर बसून बायकांच्या गळ्यातल्या पोती गाठवल्या. रेशमाचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, ताणायचं अन् गाठी मारत जायच्या. आता खाली बसला की उठवायला बायको लागे, हलीमा. हकीमानं साफ सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. म्हणजे धंदाच बंद की हो!

त्यात एक आस लागली. जंगलखात्याच्या साहेबाला पैनगंगेत मासे धरायचा नाद. मासा भुलावा म्हणून गळाला पिसं बांधून खोट्या माश्या करून दे म्हणाला, टेबलावर बसून होतात, फक्त गळ धरून गोल फिरणारा शिकंजा पाहिजे. नमुना पसंत पडला तर बारमाही काम. हलीमानं कुठूनसं जुनं टेबल-खुर्ची पैदा केली.

गफ्फार मिस्त्रीनं दोन शिकंजे करून ठेवले होते. फिरत दोन्ही झकास. महागातल्याला एक पितळी हात जास्तीचा, दोरा ताणून धरणारा. निजामुद्दीनला हसूच आलं. "अंगठा हाये ना अल्लानं देल्ला, त्याचे पैसे कायले?" गफ्फारनं परत विचारलं, पण हा पठ्ठ्या स्वस्तातलाच पिशवीत टाकून घरी आला.

खुर्चीवर बसला. गळ आवळला, कोंबड्याचं पीस ठेवलं, दोरा गुंडाळला अन् सवयीनं टोक अंगठ्याला अडकवलं. पण खुर्चीवरून ताण धरायचा म्हणजे पाय अधांतरी लांबवून ठेवावा लागे, अन् गुडघ्यातून अशी कळ निघे की बस! पाय सैल पडला की पीस सुटे. एक हात पिसाला, एक शिकंजा फिरवायला, अन् दातात दोरा धरला तर मान हलवता येईना. पिसांचा नुसता कचरा झाला. रात्र झाली होती, अन् सकाळी साहेब नमुना न्यायला यायचा होता. एवढं साधं आपल्याला सुचू नये, याची निजामुद्दीनला भारी लाज वाटली, अन् त्याहून जास्त थकवा आला.

हलीमा भिंत धरत धरत खाली बसली. तिचे गुडघे काही त्याच्याहून बरे नव्हते, फक्त ती बोलत नसे. तिनं टोक आपल्या अंगठ्याला गुंडाळलं, पाय लांबवला अन् हातानं पुढची पिसं निवडायला घेतली.

"फिरवा आता," ती म्हणाली.

"अन् तुले उठवीन कोन?"

"ते मंग पाहू."

दोरा ताठ झाला. निजामुद्दीननं शिकंजा फिरवला. माशी सुरेख बांधली जाऊ लागली, अन् त्याला तिच्याकडे पाहवेना.