प्राध्यापक ब्राउखांचा अभिप्राय

आपल्याला विद्यापीठातली कायद्याच्या प्राध्यापकाची खुर्ची अकलेवर मिळाली, असा गोथार्ड ब्राउखचा समज होता. कसली अक्कल! बायकोचा, वालबुर्गाचा, प्राध्यापक बाप मेला आणि जावयाने खुर्ची पटकावली. त्या विद्यापीठाची रीतच तशी. सासऱ्याने लिहून ठेवलेला चेटकिणींच्या खटल्यांवरचा जाडजूड ग्रंथही त्याने स्वतःच्या नावाने छापला. वालबुर्गा तेव्हा गप्प बसली होती.

गावोगावची न्यायालयं अवघड खटल्यांचे कागद अभिप्रायासाठी प्राध्यापकांकडे पाठवायची. ब्राउख वाईन ढोसत ते चाळायचा. खटला चेटकाचा असला तर तेवढीही तसदी नाही, सरळ लिहायचा, 'यातना द्याव्यात.'

त्या हिवाळ्यात त्याच्याच गावाहून कागद आले. शेजाऱ्याची गाय आटली म्हणून आपोलोनिया आत्यावर चेटकाचा आळ होता. याच आत्याने हंस पाळून, पिसं विकून पोरक्या गोथार्डला शिकवलं होतं. कागद त्याच विद्यापीठाकडे धाडा म्हणून तिने न्यायाधीशाचे पाय धरले होते. तिथे माझा गोथार्ड बसलाय, म्हणाली होती बिचारी.

"अहो, 'पुरावा नाही' एवढंच लिहा," वालबुर्गा म्हणाली.

"म्हणजे लोक मला चेटकिणीचा भाचा म्हणतील. कुलगुरूची निवड तोंडावर आलीय."

"मग दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या."

"त्याने वाचलं तर नातं कळेल."

आणि मेल्याने नेहमीचंच लिहिलं. वर डुकराचं मांस आणि आंबट कोबी मिटक्या मारत खाल्ला. वालबुर्गाला त्या हलत्या जबड्याची शिसारी आली.

तो कुलगुरू झाला. नवा झगा घालून मेजवानीला निघतोय तोच दारात शिपाई उभे. आत्या यातनांतच गेली होती. साथीदार कोण, असं विचारलं तेव्हा ती शेवटपर्यंत एकच घोकत राहिली, 'गोथार्ड, धाव रे बाळा.' कारकुनाने नाव लिहून घेतलं होतं.

"अरे, ती मदतीला हाक मारत होती!" ब्राउखचा आवाज चिरकला.

"असेल, महाराज," एक शिपाई म्हणाला. "पण यातनेत निघालेलं नाव साथीदाराचंच धरावं, का निघालं ते विचारू नये, असं आपल्याच ग्रंथात आहे."

ब्राउख बायकोकडे वळला. "अगं, सांग ना यांना. तो ग्रंथ माझा नाही, तुझ्या बापाचा आहे."

वालबुर्गाने दार नीट उघडून धरलं.

"छे हो," ती म्हणाली, "वर नाव तुमचंच आहे."