मामाची लाथ

रणगाड्यात तोफचीनं खाली बसायचं आन् कमांडरनं त्येच्या मागं, डोकं भाईर काढून उभं ऱ्हायचं. इंजनाच्या आवाजात हाक ऐकू येत न्हाई, म्हनून कमांडर बुटानं सांगतो. उजव्या खांद्यावर लाथ बसली की तोफ उजवीकडं, डाव्यावर बसली की डावीकडं, पाठीत बसली की गोळा सोडायचा. सोपं काम. पन माझा कमांडर निघाला माझा सख्खा मामा.

दफेदार हंबीरराव, सांगलीकडचा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. मला शिकायला नगरला धाडलं तवा कोरेगावात आईला लय आनंद झाला, भाऊ हाय तितं म्हनून. आनंद कसला डोंबलाचा! भाच्याला पाय लावला तर म्हातारपनी हात कापत्यात, ह्ये मामाच्या डोक्यात घट्ट बसलेलं. लाथ मारायची तितं त्यो बुटाचं टोक हळूच टेकवायचा, मग खाली वाकून माझ्या खांद्याला शिवायचा आन् हात सोताच्या छातीला लावायचा. तवर तारेनं ओढलेलं फळ्यांचं निशान टेकाडाआड गडप.

आसा दोनदा नापास झालो. साहेबानं बजावलं, शनवारी शेवटची संधी, न्हाईतर कायमचा भांडारात. संगं आलेली पोरं पास हुऊन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला चालली आन् मी काय हितं कांबळ्याच्या घड्या घालत बसू? दुसरा कमांडर मागितला तर साहेब म्हनला, दफेदार हुशार हाय, तूच मठ्ठ. डोस्कंच फिरलं माझं.

शनवारी सकाळी रणगाड्यात शिरायच्या आधी मी मामाला गाठलं.

"आज लाथ बसली न्हाई तर मी तुमाला मामा म्हनायचा न्हाई. घरातबी न्हाई आन् चारचौघातबी न्हाई."

मामानं बुटाच्या नाड्या करकचून आवळल्या. मग वर चढला.

निशान हललं. उजव्या खांद्यात आशी लाथ बसली की डोळ्यांपुढं काजवं चमकलं. मग पाठीत. मी गोळा सोडला, फळ्यांचा भुगा झाला. साहेबानं शाबासकी दिली आन् माझं नाव ब्रह्मदेशाच्या यादीत घातलं. मामा मातूर नगरलाच, पोरं शिकवायला.

उतरून बघतो तर मामा रणगाड्याच्या आडोशाला बसून रडतोय. मला आनखीच वैताग आला. आवं, म्हातारपनी हात कापलं तर मी घास भरवीन, पन आता रडं आवरा, आसं म्हनलं त्येला.

"हाताचं कोन बोलतंय, नाथा," मामा म्हनला. "लाथ मला पैल्या दिवशीच मारता आली आसती. भांडारात गेला आसतास तर जित्ता ऱ्हायला आसतास. अक्काला आता तूच सांग. माझ्यानं न्हाई हुयाचं."

चार दिसांच्या रजेवर घरी गेलो. आईनं पैलं हेच इचारलं, मामानं नीट सांभाळलं न्हवं? मी म्हनलो, व्हय, मामामुळंच पास झालो. ब्रह्मदेशाचं मातूर तोंडातनं निघंना. ती लय खूश झाली आन् भावाला धाडायला शेंगाच्या पोळ्या लाटायला बसली.