कवडीच्या पोटातली गोळी

मी बोलतोय. हौस आलीय म्हणून नव्हे, बोलायला लावलंय म्हणून. ज्या वेळी ऊर फुटेस्तोवर बोलत होतो त्या वेळी माझं कुणाला पडलं नव्हतं. आता आतला सेल मेला, आवाज बसला, तर म्हणे तुझी कहाणी सांग. ऐका मग. मधे मधे प्रश्न विचारू नका, मला ते खपत नाही.

मी गोळी. औषधाची नव्हे. हे आधी डोक्यात घाला, कारण सगळा घोळ तिथंच झालाय. नावानं बाई वाटलो तरी स्वभावानं म्हातारा आहे. बोटाएवढा लांब, अंगठ्याहून जाड, प्लास्टिकचं नळकांडं, तळाला वजनासाठी शिशाचा तुकडा, आत एक सेल आणि केसासारख्या तारेचं वेटोळं. शिक्षण म्हणाल तर शून्य. मला एकच अक्षर येतं : टिक. ऊब वाढली की भराभर टिक-टिक-टिक, गारवा लागला की सावकाश, टिक... टिक. ते अक्षर हवेतून जातं आणि जवळ धरलेल्या साध्या रेडिओत ऐकू येतं. एवढंच. गाईला ताप चढला तर बाहेरच्या माणसाला आतून सांगायचं, हा माझा धंदा. बरं करणं माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत.

नव्वद सालाच्या आगेमागे ठाण्याला वागळे इस्टेटच्या एका पत्र्याच्या शेडात मला बनवलं. तारांना कथलाचा डाग देऊन जोडणारी मंजुळा नावाची बाई होती. जनावरांचे डॉक्टर उत्तमराव तिच्या डोक्यावर उभे.

"हे कुठं बसवायचं, साहेब?" तिनं विचारलं.

"गाईच्या पोटात."

"अगं बाई! आणि परत कसं काढणार?"

"काढायचं नाही. गाय आहे तोवर आत राहणार."

मंजुळा माझ्यावर फुंकर मारत म्हणाली, "जन्मठेपच की मग." सगळे हसले. मी नाही हसलो.

उत्तमराव वर्तकनगरला राहायचे. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. स्कूटर बंद न करता बोलायचा. शहाडच्या पुढं, उल्हास नदीच्या अंगाला धाकूचा तबेला होता. पाच-सहा म्हशी आणि एकुलती एक जर्सी गाय. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून तिचं नाव कवडी. धाकू तिथलाच, जुन्या आगरी घरातला. त्यानं नवी जात म्हणून कवडी आणली, तेव्हा सगळा गाव हसला होता. "परदेशी बाय आनलीय धाकूनं, हिला पंखा लाव, हिला बिस्किट भरव." त्यामुळं ती जगून दाखवणं हा धाकूच्या इज्जतीचा प्रश्न होता. कवडी मेली असती तर त्याला चावडीवर बसायची सोय राहिली नसती.

बांबूचं नळकांडं कवडीच्या तोंडात घालून उत्तमरावांनी मला आत ढकललं. मग खिशातून एक लहान रेडिओ काढला. त्याच्या काट्याच्या जागी बायकोचं लाल नेलपॉलिश लावून खूण केलेली. रेडिओ कवडीच्या डाव्या कुशीला टेकवला आणि मी बोललो : टिक. टिक. टिक.

धाकूची बायको शेवंती तोंडाला पदर लावून मागं सरली. "अवो, तिच्या पोटात घड्याल हाय!"

"घड्याळ नाही वहिनी, गोळी," उत्तमराव म्हणाले. "धाकूदादा, रोज सकाळी असं ऐकायचं. आवाज बदलला की मला फोन करायचा. आता गाईची काळजी सोडा. गोळी पोटात आहे." आणि स्कूटरला किक मारून गेलेसुद्धा.

आता तुम्हीच सांगा. ज्याच्या हातात जन्मभर डोकेदुखीची गोळी, तापाची गोळी, जंताची गोळी पडली, त्याला "गोळी पोटात आहे, काळजी सोडा" म्हटल्यावर तो काय समजणार? धाकूनं काळजी सोडली. शब्दाला जागला बिचारा.

आतलं माझं घर सांगतो. गाईच्या पोटाला कप्पे असतात. मी घरंगळत मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसलो. मिट्ट काळोख, आंबूस वास, आणि सारखी कालवाकालव. वरून रवंथ केलेल्या चाऱ्याचा लगदा यायचा. कवडी पाणी प्यायली की मी गारठायचो आणि माझी जीभ जड व्हायची. ऐकू सगळं यायचं, चामड्यापलीकडून. धार काढतानाचा बादलीचा आवाज, शेवंतीच्या बांगड्या, म्हशींची भांडणं. पण मला कुणी काही विचारायचं नाही. रेडिओ टेकवायचे, ऐकायचे, "चालू हाय" म्हणायचे आणि जायचे. पाव्हणे आले की जत्रा. "आमच्या गाईच्या पोटात यंत्र हाय, या, आयका." जत्रेतल्या माकडाला तरी शेंगा मिळतात.

सुरुवातीला उत्तमराव नेमानं यायचे. मग कधीतरी. मग नाहीच. मी टिक टिक करत राहिलो. कान नसताना बोलत राहणं काय असतं ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा. भिंतीशी बोलणारा निदान भिंत बघू शकतो.

मग शेजारी आला. शेजारी म्हणजे तारेचा तुकडा. गवताच्या गाठी तारेनं आवळून यायच्या. धाकू कोयत्यानं तार तोडायचा, आणि एक दिवस तोडलेलं टोक चाऱ्यात पडलं. जनावर चारा निवडून खात नाही, ओढतं आणि गिळतं. तार येऊन माझ्या पलीकडं पडली. बोलायला सोबत झाली म्हणून मला आधी बरंच वाटलं, खोटं का बोलू. पण तो गृहस्थ मुका होता आणि टोकदार होता. जाळीदार कप्पा आवळला की तो थोडा पुढं सरकायचा. पुढं काय आहे? पोट आणि छातीमधला पडदा, आणि पडद्याच्या लगेच पलीकडं काळीज.

एका सकाळी तो पडद्यात रुतला. कवडी कण्हली. अंगात कढ चढायला लागला आणि मी ओरडायला लागलो. टिक-टिक-टिक-टिक. जेवढा जीव होता तेवढ्यानं ओरडलो.

आधी शेवंतीच्या ध्यानात आलं. "अवो, ही चारा सोडतंय. कोपरं फाकवून हुबी ऱ्हातंय बगा. बसत नाय. डाक्टरला बोलवा."

"थांब गं," धाकू म्हणाला. त्यानं रेडिओ आणून कुशीला लावला. मी तर त्या वेळी शेंगदाणे तडतडावेत तसा तडतडत होतो. मनात म्हटलं, आता कळेल. आता याच्या टाळक्यात उजेड पडेल.

धाकूचा चेहरा खुलला. "आयकलंस? कशी जोरात चाललीय गोली! ताप आला तशी हिनं काम धरलं. औषद लागू पडतंय, शेवंते!"

मी ओरडलो, औषध नव्हे रे बैला, ताप बोलतोय! पण माझ्याकडं अक्षर एकच. ते जितकं जोरात म्हणावं तितका तो खूश.

"मना तर कायतरी येगलाच वाटतंय," शेवंती म्हणाली.

"पोटात डाक्टर बसवलाय, आनि तू भायेरचा बोलवायला सांगतंय?"

त्याच्यापुढची त्याची अक्कल ऐका. रेडिओ बंद केला तर गोळी थांबेल, असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणून त्यानं तो कवडीच्या कुशीजवळ खुंटीला टांगला आणि दिवसरात्र चालू ठेवला. गोळीला दम पडू नये म्हणून! येताजाता ऐकायचा, माझी पाठ थोपटावी तसं कवडीला थोपटून म्हणायचा, "चाल बाबा, चाल." इतक्या दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा कुणी बोललं ते हे. माझ्या ओरडण्याला शाबासकी.

रेडिओचे सेल कितीसे पुरणार? आवाज बारीक होत गेला आणि बंद पडला. धाकूला वाटलं, काम संपलं, गाय बरी झाली. पण कवडीच्या गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी पखालीसारखी सुजली होती. मग मात्र शेवंतीनं त्याला विचारलं नाही. ती शहाड स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेली आणि उत्तमरावांना फोन लावला.

ते आले तेव्हा कवडी आडवी झाली होती आणि भोवती गाव गोळा झाला होता. या खेपेला त्यांनी स्कूटर बंद केली. धाकू खुंटीवरचा रेडिओ घेऊन पुढं आला. त्यांनी तो कुशीला लावला, बटण फिरवलं, लाल खूण बघितली. काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही. रेडिओ मेलाय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आत मी घसा फाडत होतो.

उत्तमराव उठले, हात झटकले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "गोळीच फेल गेली हो, धाकूदादा. गोळी बोलली असती तर गाय वाचली असती."

हे वाक्य मी कवडीच्या पोटात बसून ऐकलं. थोड्याच वेळात तिचं धडधडणं थांबलं आणि मला पहिल्यांदा खरी शांतता कळली. मग हळूहळू गारवा. माझी टिक लांबत गेली.

उत्तमरावांनी पोट उघडलं, तार काढून धाकूला दाखवली. मला काढलं आणि "हिचा काही उपयोग नाही" म्हणून गवतावर फेकलं. शेवंतीनं उचललं, नळाखाली धुतलं आणि चुन्याच्या डबीशेजारी कोनाड्यात ठेवलं. गावानं धाकूला काय काय ऐकवलं ते सांगत नाही. चावडीकडं जाणं त्यानं सोडलं.

पुढं शेवंतीनं रेडिओत नवे सेल घातले. काटा लाल खुणेवरच होता. कोनाड्याजवळ धरला तर, टिक... टिक.

"अवो! ही तर जित्ती हाय!"

धाकूनं मला मुठीत घेतलं. त्याची मूठ गरम होती. मी जरा भराभर बोललो. त्यानं दचकून मला गार पाण्याच्या तांब्यात टाकलं. मी सावकाश झालो. परत मुठीत घेतलं. परत भराभर. तो असा किती वेळ करत होता कोण जाणे. शेवटी खाली बसला.

"शेवंते, ही औषद नव्हती गं," तो म्हणाला. "ही ताप सांगत होती. मी तिला शाबासकी देत होतो." मग त्यानं मला कपाळाला लावलं. "चुकला बाबा माजा. चुकला."

त्याचं माझं तिथं मिटलं. अडाणी माणूस, पण चूक पदरात घेतली. तेव्हापासून गवताची प्रत्येक गाठ तो स्वतः सोडतो आणि म्हशींना घालायच्या आधी सगळा चारा हातानं चाचपतो. बोटं कापून घेतो, पण चाचपतो.

मग तो मला खिशात आणि रेडिओ काखेत घेऊन ठाण्याला गेला. वर्तकनगर, दुसरा मजला. उत्तमरावांनी दार उघडलं.

"डाक्टर, तुमची गोली फेल नव्हती. आयका."

"अहो, गोळ्यांचं ते काम केव्हाच बंद झालं, धाकूदादा. टाकून द्या ती."

"एकदा हातात तरी घ्या."

त्यांनी घेतलं नाही. धाकूनं दारातच रेडिओ लावला. मी बोललो. जिन्यात घुमावं इतकं स्वच्छ बोललो. उत्तमरावांचे कान लाल झाले. त्यांना कळलं, मी शपथेवर सांगतो. शिकलेला माणूस, त्याला सगळं कळलं : रेडिओ मेला होता, गोळी नव्हे, आणि 'गोळी' म्हणजे काय हे सांगायला आपण स्कूटर बंद केली नव्हती.

त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं मला घेतायत. त्यांनी रेडिओचं बटण बंद केलं.

"चहा घेऊन जा," म्हणाले.

धाकूनं चहा घेतला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा सेल संपला. शेवंती झाडताना मला उचलते, पुसते, परत ठेवते. बोलत कुणी नाही, मीही नाही. माझी मागणी मोठी नाही. मला पुन्हा गाईत घालू नका, कपाटातही मांडू नका. ज्यानं गावासमोर मला मुका म्हटलं, त्यानं गावासमोर येऊन एवढंच म्हणावं की गोळी बोलत होती. धाकूची मान वर होईल आणि मी टाकून द्यायला मोकळा होईन.

पत्ता बदलला असेल, पण नाव तेच असणार. डॉक्टर उत्तम भगवान शेलार.