यमुताईंच्या गाण्यापुढचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. मुठीत मावेन एवढा, काळ्या दांड्याचा. माझ्या तोंडावर तारेची जाळी आहे आणि जाळीच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा. माणूस बोलला की तो पडदा थरथरतो आणि ते थरथरणं तारेतून पुढे जातं. तेवढंच माझं काम.

कारखान्यात मला कोणी घडवलं ते मला ठाऊक नाही. आठवतं ते सीताबर्डीवरचं दुकान, आणि काचेपलीकडून मला न्याहाळणारे रुपराव. ते खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होते आणि तिथल्याच वसाहतीत राहत. त्यांनी मला घेतलं ते बायकोसाठी. यमुताई गात असत. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या बारशाला त्यांना हमखास बोलावणं असे, पण मागे बसलेल्यांपर्यंत आवाज पोचत नसे आणि रुपरावांचा जीव चुटपुटत राही. मग मी आलो. रुपराव मला स्वतः बांबूला बांधत, यमुताईंच्या हनुवटीपासून वीतभर दूर ठेवत आणि गाणं संपलं की माझी जाळी फडक्याने पुसत. लोक यमुताईंची वाहवा करत, त्यातली थोडी माझ्याही वाट्याला येई.

पण माझी तार तेव्हा कर्ण्याला जोडलेली असे. आवाज मैदानावर पसरे आणि विरून जाई. तो साठवून ठेवावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. यमुताई पुढच्या वर्षीही गाणारच होत्या.

एका पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, काढे झाले. दिवाळी गेली तरी आवाज सुटेना, तेव्हा रुपराव त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल; जीव वाचेल, पण बोलणं कायमचं जाईल.

यमुताई रडल्या नाहीत. त्यांची लेक पुष्पलता उमरेडला सासरी होती आणि तिला दिवस गेले होते. पुष्पलता तान्ही असताना यमुताईंनी स्वतः एक अंगाईगीत रचलं होतं, दोन कडव्यांचं. तेवढं कुठंतरी भरून ठेवा, एवढंच त्यांनी नवऱ्याजवळ मागितलं.

रुपरावांचे सोबती गणपतराव यांच्याकडे फितीचा टेपरेकॉर्डर होता. त्यांनी तो एका रविवारपुरता दिला, सोबत जेमतेम एका गाण्यापुरती एकच कोरी फीत दिली. रुपरावांनी माझ्या तारेला नवी पिन जोडली आणि सकाळीच मला टेबलावर मांडलं.

यमुताई पहिल्यांदा गायल्या तेव्हा आवाज घोगरा होता, पण सूर जागेवर होता. दोन्ही कडवी झाली.

नीज वं माह्या मैने, भोंगा वाजे दूर,
बाप तुहा येते घरी, अंगावर धूर...

रुपरावांनी फीत मागे नेऊन ऐकली. गाण्यामागे यंत्राची घरघर होती. टेपरेकॉर्डर आणि मी एकाच टेबलावर होतो, त्याची थरथर लाकडातून माझ्यात येत होती. त्यांनी मला स्टुलावर ठेवलं, खाली गोधडीची घडी घातली आणि आधीच्या गाण्यावरच नवं भरायला घेतलं. आता घरघर गेली, पण ‘बाप’ म्हणताना माझ्यावर फटकन हवा आदळली आणि यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा लाल रेघेपार गेला. त्यांनी माझी मान जरा तिरपी केली, जाळीवर रुमाल बांधला, आवाजाचं बटण मागे घेतलं. पुन्हा गाणं. मग विजेच्या तारेजवळून माझी तार गेल्यामुळे गुणगुण येऊ लागली. ती तार काढून भिंतीकडून फिरवली. दर वेळी आधीचं गाणं पुसलं जात होतं.

यमुताईंनी पाण्याचा घोट घेतला. मला त्यांचा श्वास घासल्यासारखा लागत होता.

“खरखर राहू द्या जी,” त्या म्हणाल्या. “पुष्पीले माहाच आवाज ऐकू येईन ना.”

“एक डाव अजून, यमू. असं खराब कसं ठेवू? जन्मभर ऐकायचं आहे.”

आपलं काही चुकतंय असं रुपरावांना वाटणं शक्यच नव्हतं. बायकोचं दुखणं त्यांना दुरुस्त करता येत नव्हतं. घरघर तेवढी घालवता येत होती.

दुपार कलताना सगळं जमलं. खिडकीला चादर लावली होती, शेजारणीने नळ बंद केला होता. काटा शांत होता. माझ्या पडद्यावर धुळीएवढाही आवाज नव्हता. रुपरावांनी फीत चालू केली आणि हाताने खूण केली.

यमुताईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. “नीज वं” एवढं फाटून बाहेर पडलं आणि पुढे खोकला. रुपरावांनी टेपरेकॉर्डर बंद केला नाही. कुठल्याही क्षणी सूर लागेल म्हणून ते काट्याकडे पाहत उभे राहिले. फीत संपून भिरभिरू लागली तेव्हा यमुताईंनीच उठून बटण दाबलं आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी गणपतराव यंत्र घेऊन गेले. फीत त्यांनी ठेवून घ्यायला सांगितली. तो खोकला अगदी स्वच्छ भरला आहे.

शस्त्रक्रियेनंतर यमुताई दोन वर्षं जगल्या. पुष्पलताला मुलगी झाली, ती बाळंतपणाला माहेरी आली होती. मी खुंटीवर टांगलेला होतो, म्हणून मी पाहिलं. पाळण्याची दोरी यमुताईंच्या हातात होती आणि पुष्पलता गात होती. पहिलं कडवं तिने म्हटलं. दुसरं तिला आठवेना. तिने आईकडे पाहिलं. यमुताईंना लिहिता येत नव्हतं; त्या ओठ हलवू लागल्या, सावकाश, पुन्हा पुन्हा. पुष्पलता जवळ सरकून ओठांवर नजर लावून बसली, पण शब्द काही उमगेना. मग तिने बापाला विचारलं.

“मले नाही येत, पोरी,” रुपराव म्हणाले. “तू झोपायची तवा मी पाळीवर राहू. अन् त्या रविवारी माहं सारं ध्यान काट्यावरच होतं.”

यमुताईंनी ओठ मिटले आणि पाळण्याला झोका दिला.

दुसऱ्या दिवशी रुपरावांनी मला खुंटीवरून काढून लोखंडी पेटीत ठेवलं. नंतर माझी तार त्यांनी कुठेच जोडली नाही. माझी जाळी गंजली, पण पडदा अजून शाबूत आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला धुळीपासून जपा, तार पिळू नका, जाळीवर फुंकर मारू नका. पण तुमच्या घरात कुणी गात असेल, तर मला नीट लावण्यात वेळ घालवू नका. भांडी वाजू द्या, नळ वाहू द्या. तुम्ही आधी जवळ जाऊन बसा आणि दुसरं कडवं पाठ करून घ्या.