मागच्या खोलीपर्यंत रेंज

शनिवारी सकाळपर्यंत आईच्या खोलीत रेंज आली नाही तर आईला निवासात हलवायचं, असं माझ्या धाकट्या भावानं ठरवलं होतं. तो दुसऱ्या देशात राहतो. तिथे बसून त्यानं ज्येष्ठांचा तो निवास शोधला, त्याच्या बागेचे फोटो आम्हाला पाठवले आणि आईचं नावही नोंदवून टाकलं. उंटावरून शेळ्या हाकणं मी आजवर पुस्तकांत वाचलं होतं. बाबा गेल्यावर आठवड्याच्या आत तो उंट आमच्या घरात आला.

"ताई, तू भावनेच्या भरात बोलतेस," तो मला फोनवर म्हणाला. "प्रश्न साधा आहे. आई मागच्या खोलीत झोपते. तिथे ना नेट, ना फोनची रेंज. पडली-बिडली तर कळणार कुणाला?"

"पुढच्या खोलीत झोप म्हणून सांगून बघ तिला."

"सांगितलं. म्हणते, मी काय दवाखान्यातली पेशंट आहे का दाराशी बसायला?"

प्रश्न साधा होता, आणि बरोबरही होता. मला राग त्याचाच आला. बरोबर प्रश्न चुकीच्या माणसानं विचारला की उत्तर देताना दातओठ खावे लागतात. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ऑफिस सुटल्यावर रोज आईकडे जाते, पण रात्री आई एकटीच असते.

आईनं तर त्याला शब्द देऊन ठेवला होता. "शनिवारी त्यानं फोन करायचा," तिनं मला सांगितलं. "माझ्या खोलीत लागला तर मी इथेच राहणार. नाही लागला तर जाईन."

"असा कसा शब्द दिलास?"

"रोज तेच तेच ऐकून कान किटले गं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

आमच्या घराच्या तीन खोल्या एका ओळीत आहेत. पुढच्या खोलीत दाराजवळ नेटचा डबा. मधली खोली बाबांची, कामाची. बाबा आरसे बनवून द्यायचे. केशकर्तनालयं, कपड्यांची दुकानं, लिफ्ट, व्यायामशाळा, सगळीकडे त्यांचे आरसे आहेत. आई कडा घासायची, बाबा कापायचे आणि बसवायचे. तिच्यामागची तिसरी खोली त्या दोघांची. बाबा तिथेच गेले. आईला तीच खोली हवी होती. का हवी, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाबांच्या आजारपणात भाऊ दर रविवारी फोन करायचा. मागे चित्र दिसायचं नाही म्हणून बाबा उठून पुढे यायचे. आधी पलंगाची कड, मग दाराची चौकट, मग कामाचं टेबल, असं धरत धरत. पुढच्या खोलीत पोचले की डब्याशेजारच्या खुर्चीत बसून ते श्वास घ्यायचे आणि केसांवरून कंगवा फिरवायचे. थोडं बोलणं व्हायचं, मग "बाबा, आवाज तुटतोय" असं ऐकू यायचं आणि पडद्यावर भावाचा चेहरा थिजायचा. रेंज वाढवायचा डबा आणते, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "थोड्या दिवसांसाठी कशाला भिंतीला डबे लावतेस?"

नेटच्या कंपनीला मी फोन लावला. मुख्य डबाच मागे हलवता येईल का, एवढं विचारायचं होतं. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "आमचा माणूस आधी पाहणी करील."

"कधी?"

"लवकरच, मॅडम."

"शनिवारच्या आधी?"

"लवकरच."

मी फोन ठेवला आणि दुकानात गेले. विक्रेत्यानं रेंज वाढवायच्या डब्याचं, एक्स्टेंडरचं खोकं माझ्यासमोर ठेवलं. "एवढा लावा, मॅडम. शेजाऱ्यांच्या घरातसुद्धा रेंज जाईल."

"शेजाऱ्यांचं राहू द्या. आईच्या पलंगापर्यंत गेली तरी पुरे."

शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघाले आणि तो पांढरा डबा आईच्या खोलीत पलंगाशेजारी लावला. रेंज तिथे हवी होती, म्हणून डबाही तिथेच लावला. फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा भरल्या. आईनं कौतुकानं मान हलवली. पण काहीच उघडेना. चित्र नाही, आवाज नाही, नुसतं एक वर्तुळ गरगर फिरत राहिलं.

"रेघा तर भरल्यात," आई म्हणाली.

"त्या या डब्याच्या रेघा आहेत. पुढच्या डब्याचं याला काही ऐकूच येत नाही. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो तुला काय सांगणार?"

"म्हणजे आपल्या मोठ्या मामासारखं. ऐकायचं काही नाही, मान मात्र जोरात डोलवायची."

मग तो काढून मधल्या खोलीत लावला. लाल दिवा. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला, पुन्हा लाल. भिंतीवर आपटावा असं वाटलं. त्या फुटकळ दिव्यावर माझ्या आईचं घर टांगलेलं होतं, आणि तिकडे भावाला सोयीस्कर असं काही आपोआपच घडत होतं, त्याला बोटही हलवावं लागत नव्हतं. मी जमिनीवर बसून खोक्यातलं माहितीपत्रक उघडलं. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोन डब्यांच्या मधे जाड भिंती, लोखंडी कपाटं, पाण्याच्या टाक्या आणि मोठे आरसे नसावेत.

मी ते आईला वाचून दाखवलं. आई हसू लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"जगात एवढ्या वस्तू आहेत, आणि नेमका आपलाच धंदा सापडला त्यांना."

पुढच्या आणि मधल्या खोलीच्या मधल्या भिंतीला आरशांची रांग टेकवलेली होती. एका नृत्यवर्गासाठी बाबांनी माणसापेक्षा उंच आरसे केले होते. वर्ग बंद पडला आणि आरसे घरीच राहिले. तोंडाला तोंड लावून, मधे कागद घालून बाबांनी ते उभे केले होते. त्यांच्या पाठीवर धातूचा मुलामा होता. पुढून येणारं सगळं तो मुलामा आल्या पावली परत पाठवत होता.

"हलवू या," आई म्हणाली.

"आपण दोघी? माणूस बोलावते उद्या."

"उद्या शनिवार." तिनं खुंटीवरचे जाड हातमोजे काढले. एक जोड मला दिला आणि दुसरा स्वतः चढवला. तो बाबांचा होता. "खालून धर. पोटाशी घेऊ नकोस, काचेला मिठी मारायची नसते. आडवी करू नकोस! उभीच राहू दे. आडवी झाली की स्वतःच्याच वजनानं मोडते."

"जड आहे गं."

"आहेच. आरशात बघू नकोस, पायाकडे बघ. तोंड काय बघत बसायचं, ते काही बदललेलं नाही. आता आधी लाकडी पट्टीवर टेकव. हं. आता हळूच मागे रेलव."

एकेक आरसा आम्ही कडेच्या भिंतीला नेला. आईचा श्वास वाढला तेव्हा तिनंच सांगितलं, "थांब, दम खाऊ दे," आणि दम खाऊन झाल्यावर तिनंच "चल" म्हटलं. आपली ताकद किती आणि कुठे संपते, हे तिला नेमकं ठाऊक होतं. हिला बागेच्या फोटोत नेऊन बसवायचं आणि कुणीतरी ठरावीक वेळेला गोळ्या द्यायच्या, असा बेत होता. माझ्या हातमोज्यांच्या आत घाम आला होता. तो सगळाच वजनामुळे आलेला नव्हता.

शेवटचा आरसा हलला आणि डब्यावरचा दिवा हिरवा झाला. मी मागच्या खोलीत जाऊन फोन उघडला. हवामानाचा अंदाज क्षणात समोर आला.

"उद्या ऊन आहे," मी ओरडले.

"असू दे. मुलगा दिसतोय का, ते बघू," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी आई पलंगावर बसली, फोन उशीला टेकवला आणि मी तिच्या शेजारी बसले. ठरल्या वेळेला घंटी वाजली आणि चित्र आलं. इतकं स्वच्छ की भावाच्या दाढीतले पांढरे केस दिसले. तो घरातल्या घरातच काहीतरी करता करता बसला असावा, कारण त्याच्या मागे कपडे धुण्याचं मशीन चालू होतं. त्याच्या गोल काचेत एक लाल टॉवेल फिरत होता.

"अरे!" तो म्हणाला. "लागला की! आई, तू कुठे आहेस? पुढे?"

"माझ्या पलंगावर. ही बघ खिडकी."

"छान. म्हणजे छानच." तो खुर्चीत जरा सरकला. "पण आई, मी विचार करत होतो. प्रश्न एकट्या रेंजचा नाही ना. निवासात डॉक्टर असतात, सोबत असते. मी त्यांना हो म्हणून बसलोय."

"तू रेंजचंच म्हणाला होतास," मी म्हणाले.

"ताई, तू मधे पडू नकोस. मी आईशी बोलतोय."

आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. ती त्याला शांतपणे म्हणाली, "छोट्या, एक विचारू? बाबा एवढे दिवस बोलावत होते. का नाही आलास?"

त्यानं मग कपाळाला आठ्या घातल्या. "हॅलो? आई? आवाज तुटतोय. हॅलो..."

आणि तो थिजला. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला, उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक. तो चेहरा मला पाठ होता. दर रविवारी बाबांच्या हातातल्या पडद्यावर हाच चेहरा असायचा.

त्याच्या मागे लाल टॉवेल फिरत होता.

वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मशीननं दिशा बदलली, तोही उलटा फिरू लागला. आईनं चष्मा नाकावर वर सरकवला आणि नीट पाहिलं. मला आधी समजेना आणि मग सगळं एकदम समजलं. बाबा डब्याला खेटून बसायचे. तिथे रेंज तुटायचं काही कारणच नव्हतं. धरत धरत, धापा टाकत ते तिथवर यायचे, आणि हा त्यांच्यासमोर खांबासारखा बसून राहायचा. मी फोनकडे हात नेला. तोंडात काय काय आलं होतं, ते इथे लिहीत नाही. आईनं माझा हात बाजूला केला.

"छोट्या," ती म्हणाली, "तुझं चित्र थांबलंय. म्हणजे तुला आता बोलता येणार नाही. बरं झालं. मी बोलते."

तो हलला नाही. पापणी तेवढी लवली.

"तुझं चित्र असं थांबलं की तुझे बाबा फोन ठेवायचे नाहीत. 'थांब, येईल,' म्हणायचे. हात थरथरेपर्यंत फोन धरून ठेवायचे. मी घ्यायला गेले तर द्यायचे नाहीत. कधी येतोस, एवढंच विचारायचे तुला. जमत नाही म्हणाला असतास, भीती वाटते म्हणाला असतास, तरी चाललं असतं. त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांचं 'नाही' ऐकलं, तुझंही ऐकलं असतं. पण तू काहीच बोलला नाहीस, म्हणून ते तुझी वाट बघत राहिले."

टॉवेल फिरायचा थांबला. मशीनमध्ये पाणी भरू लागलं. तो आवाजही आम्हाला स्पष्ट ऐकू आला, आणि आपल्याला तो ऐकू येतोय हे त्यालाही कळलं असणार.

"मी निवासात जाणार नाही. फोन लागला तर राहीन म्हणाले होते, लागला. मी शब्द पाळला, आता तू पाळ." मग ती म्हणाली, "आता हल. मान अवघडेल."

त्यानं मान सरळ केली. पडद्याकडे बघण्याची त्याची हिंमत नव्हती, तो कुठेतरी खाली बघत होता. "आई, मला ते बघवत नव्हतं गं," तो म्हणाला. "त्यांचा तो चेहरा."

"आम्हाला बघवत होतं का?" मी म्हणाले. माझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"ताई..."

"निवासाला फोन कर. नाव काढायला सांग."

"करतो ना. सोमवारी सकाळी पहिलं काम तेच. आज शनिवार आहे, तिथे कुणी..."

"शनिवारी निवास बंद नसतो. तिथे माणसं राहतात. आत्ता कर, आमच्यासमोर."

तो आईकडे बघू लागला. लहानपणीसुद्धा मी ओरडले की तो असाच आईकडे बघायचा आणि आई मधे पडायची. आज आई पडली नाही. त्यानं दुसरा फोन उचलून कानाला लावला. पलीकडच्या बाईचा आवाज अर्धवट ऐकू येत होता. त्यानं आईचं नाव सांगितलं, नोंद रद्द करायची आहे म्हणाला. त्या बाईनं काहीतरी विचारलं.

"कारण?" तो म्हणाला. "काही तांत्रिक..."

"खरं सांग," मी म्हणाले.

या वेळी मात्र त्याचा चेहरा थिजलेला नव्हता. हनुवटी, गाल, डोळे, सगळं हलत होतं.

"तिला यायचं नव्हतंच," तो फोनवर म्हणाला. "मी तिला विचारलंच नव्हतं."

त्यानं दुसरा फोन खाली ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. जाऊ दे, होतं असं, एवढं आमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, याची तो वाट बघत होता. आई खिडकीबाहेर बघत होती. मी त्याच्या मागच्या लाल टॉवेलकडे.